नावाआधी प्रकार

सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला या पुस्तकाचा विषय अर्धा आधीच ठाऊक असतो. उताऱ्यावर एखादे नाव आहे एवढ्याने काहीच ठरत नाही. ते भोगवटादाराच्या रकान्यात असेल तर जमीन त्याची. 'इतर हक्क' या रकान्यात असेल तर ते कुळाचे असेल, वारसाचे असेल किंवा बोजा चढवणाऱ्या बँकेचे असेल. आणि नावाला कंस असेल तर त्याचा हक्क कुठल्यातरी फेरफाराने कधीच संपलेला असतो. म्हणून जाणता शेतकरी तलाठ्याला "नाव आहे का?" एवढेच विचारून थांबत नाही, ते कुठे आहे हे बोट ठेवून पाहतो. कागदावर ही जागा डोळ्यांना आपोआप दिसते, त्यामुळे ती पाहणे हेही एक काम आहे याची आपल्याला जाणीव नसते. संगणकाला प्रश्न विचारायची वेळ आली की ते काम एकदम उघडे पडते, कारण जागा सांगितल्याशिवाय त्याला काही दिसतच नाही. एक्सएमएल दस्तऐवजातून हवा तो भाग वेचून काढण्यासाठी एक्सपाथ नावाची जी प्रश्नभाषा आहे, तिचे शिक्षण बहुतेक ठिकाणी नावापासून सुरू होते: अमुक टॅग शोधा, तमुक टॅग शोधा. हे पुस्तक उलट्या बाजूने सुरू होते. हव्या असलेल्या गोष्टीचे नाव काय, यापेक्षा ती दस्तऐवजात कोणत्या प्रकारचा नोड, म्हणजे दस्तऐवजाच्या झाडातला घटक, म्हणून बसली आहे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि तो न सोडवता विचारलेल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा चुकीचे, त्याहूनही जास्त वेळा रिकामे असते, असे आमचे म्हणणे आहे. ते का, हे सांगण्यापुरती ही प्रस्तावना.

एक्सएमएलची पहिली शिफारस वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली, आणि एक्सपाथची पहिली आवृत्ती जेम्स क्लार्क व स्टीव्ह डिरोझ यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आली. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला होता. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या, कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्याचा पत्ता त्या दिवशी गाव जागचे न हलता बदलला. हा योगायोग आहे, त्यात काही गूढ नाही. पण दाखल्याला सोयीचा आहे म्हणून इथे घेतो. एक्सपाथच्या त्या पहिल्या आवृत्तीने दस्तऐवजाचे झाड सात प्रकारच्या नोडांचे बनलेले मानले: सगळ्यांच्या वरचा मूळ नोड, एलिमेंट, ॲट्रिब्यूट, टेक्स्ट, कॉमेंट, प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन आणि नेमस्पेस. यांतला शेवटचा पुढच्या आवृत्त्यांत जवळजवळ बाजूला पडला आणि प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन रोजच्या कामात क्वचितच लागते. मूळ नोड सोडला तर उरतात ते चार प्रकार, आणि माणसे अडखळतात ती याच चारांत. डोंगरकड्याची एक अगदी लहान नोंद घेऊ. एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीत देता येतात, तेव्हा हा नमुना बनावट भाषांतर नाही; तो जसाच्या तसा फाईलमध्ये उतरवला तर चालतो.

<गाव तालुका="कळमनुरी" जिल्हा="हिंगोली">
  <!-- १ मे १९९९ पूर्वी जिल्हा परभणी -->
  <नाव>डोंगरकडा</नाव>
  <पीक>केळी</पीक>
  <पीक>हळद</पीक>
</गाव>

आता 'गाव' या एलिमेंटची मुले किती, हा प्रश्न विचारा. तारांकन वापरून, म्हणजे 'गाव/*' असे लिहून विचारले तर उत्तर तीन येते: एक नाव, दोन पिके. तारांकनाचा अर्थ 'काहीही' असा आपण धरून चालतो. एक्सपाथमध्ये त्याचा अर्थ त्या दिशेने जो मुख्य प्रकार आहे त्यातले काहीही असा आहे, आणि मुलांच्या दिशेचा मुख्य प्रकार एलिमेंट. खरोखर सगळी मुले हवी असतील तर 'नोड' ही चाचणी लावावी लागते. ती लावली की उत्तर तीनवरून नऊवर जाते. तीन एलिमेंट, एक कॉमेंट, आणि उरलेले पाच? ते पाच टेक्स्ट नोड आहेत, आणि त्यांत एकही अक्षर नाही. ओळी सुटसुटीत दिसाव्यात म्हणून आपण ज्या नव्या ओळी व मोकळ्या जागा टाकल्या, त्या यंत्राच्या लेखी मजकूरच ठरल्या. म्हणून नवशिका 'गाव' या एलिमेंटचे टेक्स्ट मागतो तेव्हा त्याच्या हाती 'डोंगरकडा' येत नाही; पाच कोऱ्या पट्ट्या येतात. डोंगरकडा हे अक्षरांचे टेक्स्ट 'नाव' या एलिमेंटच्या पोटात आहे, 'गाव'च्या थेट पोटात नाही. आणि या नऊंत 'तालुका' व 'जिल्हा' मुळीच मोजले गेले नाहीत, हे लक्षात आले का? ॲट्रिब्यूटचा पालक एलिमेंट असतो, पण ॲट्रिब्यूट त्या एलिमेंटचे मूल नसते. ऐकायला हे विचित्र वाटते, आणि खरे सांगायचे तर आहेही विचित्र. परंतु नियम असा आहे, आणि त्याचा परिणाम असा की 'सगळे द्या' म्हणून मागितले तरी ॲट्रिब्यूट येत नाहीत. त्यांच्यासाठी ॲट् चिन्ह लावून वेगळ्या दिशेने जावे लागते: 'गाव/@*' म्हटले की दोन्ही हजर. एक्सएमएलचे रूपांतर करण्यासाठी एक्सपाथ वापरणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेतले, दस्तऐवजाची हुबेहूब नक्कल करणारे प्रसिद्ध सूत्र 'सगळे ॲट्रिब्यूट आणि सगळे नोड' असे दोन तुकड्यांत लिहावे लागते ते यामुळेच.

इथपर्यंतचा घोळ निदान दिसतो तरी. कोऱ्या पट्ट्या आल्या की माणूस थबकतो. खरा धोका उत्तर रिकामे येते तिथे आहे, कारण एक्सपाथ रिकामेपणाला चूक मानत नाही. वरच्या नोंदीत जिल्हा हा ॲट्रिब्यूट आहे. कोणी तो एलिमेंट समजून 'गाव/जिल्हा' असे मागितले तर यंत्र 'असा एलिमेंट नाही' असे सांगून थांबत नाही. निमूटपणे रिकामा संच देते. आता हा रिकामा संच 'हिंगोली'शी ताडून पाहा. बरोबर आहे का? नाही. मग 'हिंगोली' पेक्षा वेगळा आहे का? तेही नाही. एक्सपाथमध्ये रिकाम्या संचाची तुलना कोणत्याही अक्षरमालेशी केली तर समानता आणि असमानता दोन्ही खोट्या ठरतात, कारण तुलनेचा अर्थ 'संचात असा एक तरी नोड आहे का' असा आहे आणि रिकाम्या संचात एकही नसतो. याच्यापुढची पायरी आणखी वाईट. 'जिल्हा परभणी आहे असे नाही' अशी नकाराची चाळणी लावली तर आतली तुलना खोटी, तिचा नकार खरा, म्हणून प्रत्येक गाव त्या चाळणीतून खाली पडते, परभणीचे गावही. यादी भरगच्च येते, कोणाला शंका येत नाही, आणि ती सगळी चुकलेली असते. इथे नावात काही दोष नव्हता. 'जिल्हा' हे नाव अचूकच होते. चुकला होता तो प्रकार. नाव चुकले तर माणूस दोन-चार वेळा तपासून ते सुधारतो. प्रकार चुकला की तो नाव तपासत बसतो आणि ते दर वेळी बरोबरच निघते.

यावर कोणी म्हणेल की हा मुद्दा कृत्रिम नोंदीवर उभा आहे. प्रत्यक्षात माहिती टेक्स्टमध्येच असते, ॲट्रिब्यूटमध्ये फारतर क्रमांक आणि तारखा असतात. हा समज सर्वदूर आहे, आणि तो मोडण्यासाठी लांब जायची गरज नाही. डोंगरकड्यातल्या कोणाही आधारधारकाला आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ऑफलाइन ई-केवायसीची फाईल उतरवून घेता येते. ती चार आकडी-अक्षरी सांकेतिक शब्दाने बंद केलेल्या झिपमध्ये असते आणि आतली फाईल एक्सएमएल असते. तिच्यात ओळखीचा एक एलिमेंट आहे आणि पत्त्याचा एक. नाव, जन्मतारीख, लिंग हे ओळखीच्या एलिमेंटचे ॲट्रिब्यूट. गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड हे पत्त्याच्या एलिमेंटचे ॲट्रिब्यूट. दोन्ही एलिमेंटांच्या पोटात टेक्स्ट म्हणून काहीही नाही. टेक्स्ट आहे ते फोटोच्या एलिमेंटमध्ये: माणसाचे छायाचित्र बेस-६४ अक्षरांत बदलून तिथे ओतलेले असते. त्यानंतर डिजिटल सहीचा भाग येतो, त्यातही सहीची आणि प्रमाणपत्राची लांबलचक अक्षरे टेक्स्ट म्हणूनच. म्हणजे 'या फाईलमधला सगळा मजकूर काढा' असे सांगितले तर माणसाचे नाव येत नाही, गाव येत नाही, हजारो अक्षरांचा एक न वाचता येणारा ढीग मात्र येतो. ज्याला आपण माहिती म्हणतो ती ॲट्रिब्यूटमध्ये, आणि यंत्रापुरता असलेला पसारा टेक्स्टमध्ये. समज अगदी उलटा पडला.

नकाशांकडे पाहिले तर एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन प्रकारे ठेवलेली सापडते. ओपनस्ट्रीटमॅपच्या एक्सएमएल फाईलमध्ये एखाद्या गावाचा बिंदू नोंदवताना अक्षांश आणि रेखांश हे दोन वेगळे ॲट्रिब्यूट असतात, आणि गावाचे मराठी नाव 'टॅग' नावाच्या एका रिकाम्या एलिमेंटवर, किल्ली एका ॲट्रिब्यूटमध्ये आणि किंमत दुसऱ्यात, अशी जोडी करून ठेवतात. नकाशाच्या त्या संपूर्ण फाईलमध्ये ओळी मोडण्याच्या मोकळ्या जागा सोडल्या तर टेक्स्ट नोड जवळजवळ नसतातच. गूगल अर्थमुळे रूढ झालेल्या आणि २००८ पासून खुले मानक असलेल्या केएमएल फाईलमध्ये तेच नाव एलिमेंटच्या पोटातले टेक्स्ट असते. रेखांश, अक्षांश आणि उंची तर स्वल्पविराम घालून एकाच टेक्स्ट नोडमध्ये कोंबलेली असतात; तिथे एक्सपाथने नोड मिळाला तरी काम संपत नाही, आतली अक्षरमाला पुन्हा तोडावी लागते. केळीच्या एखाद्या मळ्याची हद्द दोन्ही फाईलींत तंतोतंत तीच असू शकते. एकीसाठी लिहिलेला प्रश्न दुसरीला विचारला तर रिकामा संच. यात कोणाची बाजू बरोबर, हा वाद व्यर्थ आहे. ॲट्रिब्यूट आणि एलिमेंट हा भेद एक्सएमएलला त्याच्या आधीच्या एसजीएमएलकडून, १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाकडून, वारशाने मिळाला. छापायचा मजकूर एलिमेंटमध्ये आणि मजकुराविषयीची माहिती ॲट्रिब्यूटमध्ये, अशी मूळ कल्पना होती. मजकूर हा प्रकारच नसलेल्या नोंदी एक्सएमएलमध्ये येऊ लागल्यावर ती कल्पना टिकली नाही. मग ज्याने त्याने आपापल्या सोयीने निर्णय घेतले. आक्षेप घेणारे म्हणतात की असा स्वैर भेद भाषेत ठेवायलाच नको होता. मान्य करायला आमची हरकत नाही. पण भेद स्वैर आहे म्हणूनच तो अंदाजाने ओळखता येत नाही. तर्काने काढता येण्यासारखा असता तर पाहावा लागला नसता. दस्तऐवज कोणी आणि कसा रचला हे उघडून पाहणे एवढाच मार्ग उरतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. तो म्हणतो, हा सगळा खटाटोप कशाला? फाईल उघडा, 'डोंगरकडा' शोधा, सापडले तर आहे, नाहीतर नाही. साध्या शोधाचे काम साध्या शोधाने होत असेल तर आम्हीही तेच सुचवू. पण ते किती वेळा होते, हे वर्डच्या फाईलवर तपासून पाहावे. २००७ पासून वर्डची डॉक्स फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक्सएमएल फाईलींचा झिप गठ्ठा असतो. ग्रामपंचायतीचा ठराव असो की साखर कारखान्याची नोटीस, टंकलेखकाने ती वर्डमध्ये केली असेल तर आत एक्सएमएलच असते. त्यात परिच्छेदाचा एक एलिमेंट, परिच्छेदात 'रन' नावाचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात प्रत्यक्ष अक्षरांचा एलिमेंट अशी मांडणी आहे. तुकडा कुठे पडावा हे लिहिणाऱ्याच्या हातात नसते. शब्दाच्या मध्येच ठळक अक्षर केले, शुद्धलेखन तपासनीसाने खूण ठेवली, किंवा एका दिवशी अर्धा शब्द लिहून दुसऱ्या दिवशी पुरा केला, तर वर्ड तिथे नवा तुकडा पाडतो. पडद्यावर अखंड दिसणारा 'डोंगरकडा' फाईलमध्ये 'डोंगर' आणि 'कडा' अशा दोन टेक्स्ट नोडांत विभागलेला असू शकतो, आणि मधे दहा-बारा टॅगांची गर्दी. फाईलच्या कच्च्या अक्षरांत शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. टेक्स्ट नोड एकेक करून तपासणाऱ्यालाही सापडणार नाही. सापडेल तो परिच्छेदाच्या एलिमेंटला विचारणाऱ्याला. एक्सपाथमध्ये प्रत्येक एलिमेंटचे एक 'अक्षरमूल्य' असते, आणि ते म्हणजे त्याच्या पोटातल्या, नातवंडा-पतवंडांतल्या सगळ्या टेक्स्ट नोडांची एकमेकांना जोडून झालेली माळ. परिच्छेदाचे अक्षरमूल्य घेतले की 'डोंगर' आणि 'कडा' पुन्हा शेजारी येतात. टेक्स्ट नोड मागणे आणि एलिमेंटचे अक्षरमूल्य मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक पुस्तके त्या एका दमात सांगून टाकतात, आम्ही त्यासाठी एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

तर मग नेहमी अक्षरमूल्यच घ्यावे, टेक्स्ट नोडाच्या वाटेला जाऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढील. तो तितकाच चुकीचा आहे, आणि दाखला पुन्हा वर्डचाच. बदलांचा माग ठेवून ठराव दुरुस्त केला असेल तर खोडलेला मजकूर फाईलमधून जात नाही. 'खोडले' अशा एलिमेंटच्या आत, वेगळ्या नावाच्या एलिमेंटमध्ये, टेक्स्ट म्हणून राहतो. परिच्छेदाचे अक्षरमूल्य काढले की जुनी रक्कम आणि नवी रक्कम एकमेकांना चिकटून बाहेर येतात. सातबारावरचा कंस काढून टाकून सगळी नावे एका ओळीत लिहावीत तसे ते होईल. जुन्या ग्रंथांच्या संपादनात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पानावर वर स्वीकारलेला पाठ आणि खाली पाठभेद अशी मांडणी आहे. वाचणारा दोन्ही कधी मिसळत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला परंपरा ज्यांचे जन्मगाव मानते, त्या नामदेवांच्या अभंगांचे असे संपादन संगणकावर करायचे तर आज त्यासाठी टीईआय या संकेतपद्धतीकडे वळावे लागेल. १९८७ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयत्नाची सध्याची पद्धत एक्सएमएलवर उभी आहे. तिच्यात स्वीकारलेला पाठ आणि त्याचे पाठभेद ओळीच्या आतच, शेजारशेजारच्या एलिमेंटांत ठेवता येतात. अशा ओळीचे अक्षरमूल्य काढले तर चार हस्तलिखितांतले चार शब्द एकामागोमाग एक उमटतात आणि कोणीही कधी न म्हटलेली ओळ तयार होते. म्हणजे अक्षरमूल्य घ्यावे की निवडक टेक्स्ट नोड घ्यावेत याला सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. दस्तऐवज पाहूनच ते ठरते.

हा फरक केवळ सोयीचा आहे, चुकला तर फारतर यादी बिघडेल, असे वाटत असेल तर २०१८ चा फेब्रुवारी आठवावा. एका ठिकाणी ओळख पटवून अनेक सेवांत प्रवेश मिळवण्यासाठी सॅमल नावाची एक्सएमएलवर आधारलेली पद्धत वापरतात. ओळख पटवणारी व्यवस्था वापरकर्त्याचे नाव लिहून त्यावर डिजिटल सही करते. ड्युओ सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी त्या महिन्यात दाखवून दिले की ही पद्धत वापरणारी अनेक लायब्ररी एका कॉमेंटमुळे फसतात. समजा एखाद्याने 'विजयराव' या नावाने आपले वैध खाते उघडले, आणि स्वतःच्या सही झालेल्या संदेशात 'विजय' नंतर एक रिकामा कॉमेंट घुसवला. सही तपासताना एक्सएमएलला आधी एका ठराविक साच्यात आणतात, आणि सर्रास वापरला जाणारा तो साचा कॉमेंट गाळून टाकतो. म्हणून सही शाबूत ठरते. पण नाव वाचणारी लायब्ररी एलिमेंटचे अक्षरमूल्य घेत नव्हती, पहिला टेक्स्ट नोड तेवढा घेत होती. कॉमेंटमुळे टेक्स्टचे दोन नोड झाले होते. पहिल्यात 'विजय'. विजयराव दुसऱ्याच कोणा विजयच्या खात्यात शिरला. संदेशातले एकही अक्षर बदलले नव्हते. दोन प्रोग्रॅमांनी एकाच दस्तऐवजातले नोडांचे प्रकार दोन तऱ्हांनी मोजले, एवढेच झाले होते. कॉमेंटला मजकुरात स्थान नाही, ही गोष्ट आपण मूळ नमुन्यातच पाहिली होती: 'गाव'च्या अक्षरमूल्यात परभणी येत नाही, कारण ते कॉमेंटमध्ये आहे. पण मजकुरात नसलेला नोड मजकुराचे तुकडे मात्र पाडतो, ही त्याच नियमाची दुसरी बाजू.

एक्सएमएल आता जुने झाले, नव्या सेवा जेसॉन या दुसऱ्या माहितीसाच्यात बोलतात, हा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येईल. वस्तुस्थिती म्हणून तो बऱ्याच अंशी खरा आहे. आपल्याकडची जीएसटीची विवरणपत्रे जेसॉनमध्येच भरली जातात. पण ठराविक कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे एक्सबीआरएल या एक्सएमएलवरच उभ्या पद्धतीत जातात, आणि वर्ड, एक्सेल, ई-पुस्तके, एसव्हीजी चित्रे, नकाशे, आधारची फाईल हे सगळे एक्सएमएलच आहे. जिथे मजकूर आणि खुणा एकमेकांत मिसळतात तिथे जेसॉनला अजून चांगले उत्तर सापडलेले नाही. शिवाय जेसॉनमध्ये हे प्रकार नाहीत म्हणून प्रश्न सुटतो असेही नाही. तिथे खोडलेला मजकूर आणि जिवंत मजकूर वेगळा ठेवायचा तर रचना आपली आपल्याला ठरवावी लागते आणि वाचणाऱ्याला ती कळवावी लागते.

अवजारांबद्दल मात्र सावध करणे भाग आहे. एक्सपाथचे सात प्रकार हे एक्सपाथचे आहेत. प्रत्येक अवजार झाड तसेच पाहील याची खात्री नाही. ब्राउझर ज्या डॉम रचनेवर चालतात तिच्या पहिल्या मानकाने बारा प्रकार मानले होते. तिच्यात सीडेटाचा, म्हणजे खुणा न शोधता जसाच्या तसा घ्यायच्या मजकुराचा, भाग हा वेगळा नोड आहे, एक्सपाथमध्ये तो भोवतालच्या टेक्स्टमध्ये विरघळून जातो. पायथनमधली सर्वपरिचित एलिमेंटट्री लायब्ररी टेक्स्ट नोड ठेवतच नाही. एलिमेंटच्या सुरुवातीचा मजकूर त्या एलिमेंटला आणि त्याच्या शेवटच्या टॅगनंतरचा मजकूर त्याची 'शेपटी' म्हणून त्यालाच चिकटवते, आणि कॉमेंट तर आपणहून वाचतच नाही. तिच्यात एक्सपाथचा एक लहानसा अंश तेवढा चालतो. त्या लायब्ररीवर शिकलेला माणूस दुसऱ्या अवजारात 'टेक्स्ट' मागतो तेव्हा त्याच्या डोक्यातला नोड आणि यंत्राच्या डोक्यातला नोड वेगळा असतो. आणि दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीतली, प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शनसारखीच दिसणारी, आवृत्ती आणि अक्षरसंकेत सांगणारी ती घोषणा? तो नोडच नाही. कुठल्याही चाचणीने ती सापडत नाही.

मराठीत टॅग लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी अशा आहेत ज्या परक्या पुस्तकांत सापडणार नाहीत. 'शेतकऱ्याचे' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात नुक्त्याच्या र ला हलन्त लावतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारा जोडक घालतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. एक्सएमएलच्या लेखी ती दोन भिन्न नावे आहेत, कारण नावे ताडताना ते अक्षरांच्या संकेतांकांच्या क्रमाने ताडते, दिसण्यावरून नाही; आणि दुसऱ्या तऱ्हेचे नाव तर २००८ च्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या नियमांनुसार वैधच नव्हते. म्हणून एखादा टॅग समोर दिसत असूनही सापडत नसेल तर प्रकार तपासल्यावर ही शंका घ्यावी, आधी नाही. दुसरी गोष्ट आकड्यांची. '३५' असे देवनागरीत लिहिलेले टेक्स्ट एक्सपाथच्या दृष्टीने संख्या नाही; त्याचे संख्येत रूपांतर करायला सांगितले तर 'संख्या नव्हे' असे उत्तर येते. म्हणून एकरात मोजलेले क्षेत्र माणसांसाठी देवनागरीत छापा, फाईलमध्ये मात्र इंग्रजी आकड्यांत ठेवा.

पुढच्या प्रकरणांतले सगळे दाखले एक्सपाथच्या १९९९ च्या आवृत्तीला धरून आहेत. २००७ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने मूळ नोडाला दस्तऐवजाचा नोड म्हटले, एलिमेंट आणि ॲट्रिब्यूट या प्रकारांसाठी स्वतंत्र चाचण्या दिल्या आणि स्कीमा हाताशी असेल तर नोडातल्या मूल्याचा प्रकारही विचारण्याची सोय केली. २०१७ ची ३.१ ही आवृत्ती त्याही पुढे गेली. या सोयी कमी मोलाच्या नाहीत. पण वाचकाच्या ब्राउझरमध्ये आणि बहुतेक यंत्रांवर आयत्या मिळणाऱ्या लिबएक्सएमएल२ या लायब्ररीत आजही पहिलीच आवृत्ती चालते, आणि तिच्यात उपसर्ग न लावलेले नाव नेमस्पेस (नाव कोणत्या शब्दसंग्रहातले हे सांगणारी खूण) नसलेल्या एलिमेंटालाच लागू पडते. केएमएल फाईलीतल्या प्रत्येक एलिमेंटाला नेमस्पेस आहे. त्यामुळे प्रकार बरोबर, नाव बरोबर, तरीही संच रिकामा अशी स्थिती वाचकाला पहिल्याच नकाशावर भेटेल. तिचा उलगडा शेवटून दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि घाई असणाऱ्याने ते आधी वाचले तरी चालेल.